बिलाआधी नकाशा तपासा

महापालिकांच्या पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि पथ विभागांत कॅड आरेखनांचे ढीग साठलेले असतात. ती एकेक उघडून हाताने जीआयएसमध्ये (भौगोलिक माहिती प्रणालीत) उतरवत बसण्यात अर्थ नाही. शेकडो फायली एका दमात रूपांतरित करणारी आज्ञावली वापरायलाच हवी. कॅडच्या डीएक्सएफ फायली वाचणारी क्यूजीआयएससारखी साधने मोफत मिळतात, त्यामुळे पैशांची सबबही फारशी टिकत नाही. पण या आज्ञावलीला सदोष आरेखन नाकारण्याचाही अधिकार हवा आणि त्या नकाराला कंत्राटदाराचे बिल बांधलेले हवे. नुसता वेग वाढवला तर चुकाही त्याच वेगाने सरकारी नोंदींत शिरतील.

याचे कारण कॅडच्या स्वभावातच आहे. ती फाइल माणसाच्या डोळ्यांसाठी काढलेली असते. रेषेशेजारी ‘३००’ लिहिले की अभियंत्याला ३०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी कळते. संगणकाला एक रेषा आणि जवळच पडलेला एक आकडा, एवढेच दिसते. भूखंडाची हद्द छापील नकाशावर जुळलेली भासते, पण दोन टोकांत बारीकशी फट राहिली की जीआयएसमध्ये तो भूखंड तयारच होत नाही. त्याहून घातक दोष स्थानाचा. बरीच आरेखने मनाने धरलेल्या शून्य बिंदूपासून सुरू होतात आणि जिथे निर्देशांक असतात तिथे ते कोणत्या पद्धतीचे हे लिहिलेले नसते. महाराष्ट्र यूटीएम या निर्देशांक-पद्धतीच्या दोन पट्ट्यांत येतो: पुणे ४३व्या, नागपूर ४४व्या. पुण्यासाठी बेतलेली आज्ञावली नागपूरच्या फायलींवर तशीच चालवली तर अख्खे शहर सहा अंश पश्चिमेला सरकून सुरतेजवळ जाऊन पडेल. ही चूक निदान लगेच दिसते. जुन्या एव्हरेस्ट लंबगोलावरचा नकाशा डब्ल्यूजीएस ८४ चा समजून घेतला, तर होणारा फरक शहराच्या नकाशात सहज खपून जातो आणि रस्ता खोदताना भलत्याच जागी कुदळ पडते.

नीटनेटक्या दिसणाऱ्या नकाशातली चूक किती महागात पडते, हे मुंबईने पाहिले आहे. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चुकांवरून इतका गदारोळ झाला की एप्रिलमध्ये राज्य सरकारने महापालिकेला तो दुरुस्तीसाठी परत घ्यायला लावले. तिथला दोष फाइल-रूपांतराचा होता असे मी म्हणत नाही. पण सरकारी नकाशावरची रेष कुणाच्या तरी घरावरून जाते, म्हणून ती आधी तपासली पाहिजे, एवढे त्यातून निर्विवाद दिसते. आणि तपासणीची रीत आपल्याकडे नवी नाही. बांधकाम परवानगीसाठी पुण्यासह अनेक महापालिकांनी आरेखन आपोआप तपासणारी ऑटो-डीसीआर प्रणाली आणली, तेव्हा वास्तुविशारदांना ठरवून दिलेल्या लेअरवरच आरेखन काढणे भाग पडले. तसे नसेल तर प्रणाली फाइल पुढे सरकू देत नाही. घर बांधणाऱ्या नागरिकाला लावलेली ही शिस्त सार्वजनिक पैशातून वाहिनी टाकणाऱ्या कंत्राटदाराला का नसावी? लेअरची नावे, निर्देशांकांची पद्धत आणि बंद हद्दी या अटी निविदेतच घालता येतात.

यावर आक्षेप येतो तो कामे रखडण्याचा. तपासणी अंतिम बिलापर्यंत लांबवली तर तो खरा ठरेल. म्हणून ती प्रत्येक चालू बिलाबरोबर व्हावी, चर बुजण्याआधी, म्हणजे चूक सापडली तर मोजमाप पुन्हा घेता येईल. लहान नगरपरिषदांकडे माणसे नाहीत, हेही खरे. तिथे नियम आणि आज्ञावली राज्याच्या नगरविकास विभागाने एकदाच तयार करून सर्वांना द्यावी. खरा अवघड प्रश्न जुन्या आरेखनांचा आहे. ती काढणारे कंत्राटदार केव्हाच निघून गेले, परत पाठवायची कुणाकडे? ती टाकून देऊ नयेत. रूपांतरित करावीत, पण प्रत्येक नोंदीवर मूळ फाइल, वर्ष आणि ‘जागेवर न पडताळलेली’ असा शेरा कायम ठेवावा. पुढे दुरुस्तीसाठी जिथे खड्डा खोदला जाईल, तिथे वाहिनीची जागा आणि खोली मोजून तिथल्या कनिष्ठ अभियंत्याने आपल्या नावानिशी तो शेरा काढावा.