पास, नापास आणि पात्र

इंग्रज गेला, पण 'पास' इथंच ठेवून गेला. पाहुणा छत्री विसरतो तसा नव्हे. आपणच तो त्याच्या हातून काढून घेतला असावा. कारण या दोन अक्षरांवर आमचा सबंध माळशिरस तालुका चालतो. मुलगा दहावी पास होतो, ग्रामसभेत ठराव पास होतो, कचेरीत बिल पास होतं (कधी, ते विचारू नका). कॉलेजच्या पोरांकडे एसटीचा पास असतो आणि एसटी येईपर्यंत स्टँडवर टाइमपास असतो. ट्रॅक्टर 'अकलूज पासिंग' असतो, म्हणजे त्याच्या पाटीवर एमएच ४५ असतं. आषाढीला माउलींची पालखी मुक्कामाला आली, की दिंडीच्या गाडीच्या काचेवरही पास दिसतो. पायी चालणाऱ्या वारकऱ्याला मात्र अजून कुणी पास मागितलेला नाही. कृपा करून हे कुणाच्या लक्षात आणून देऊ नका!

मूळ इंग्रजीत अर्थ साधा: पुढे जाणे, पलीकडे जाणे. म्हणून तिकडे डोंगरातली खिंडसुद्धा पास. आणि ब्रिजच्या डावात बोली आली, की 'पास' म्हणणारा गडी सहसा काय सांगत असतो? "माझ्या हातात काही नाही, पुढे चला." म्हणजे बघा, एका घरी पास म्हणजे पेढे आणि दुसऱ्या घरी पास म्हणजे शरणागती.

इंग्रजाने 'फेल'ही दिला होता. तो आपण ब्रेकला आणि इंजिनाला लावला. पोरांसाठी मात्र पासाच्या पुढे फारसी 'ना' जोडून 'नापास' असा खास देशी माल तयार केला. नाराज, नालायक, नापास. एका पंगतीला बसणारी भावंडं!

पुढे सरकारला दया आली. २०१६ साली असं ठरलं, की दहावीच्या गुणपत्रिकेवर 'नापास' असा शेरा मारायचा नाही. 'कौशल्य विकासास पात्र' असं लिहायचं. हेतू चांगला. पण गल्लीत काय होणार, ते सांगतो.

"काय रे, निकाल काय लागला?"

"काका, पात्र झालो."

"अरेरे! किती विषयांत?"

शब्द बदलला, 'अरेरे' जागच्या जागी राहिलं.

आमचं म्हणणं असं, की शब्द बदलणाऱ्यांनी एक दिवस आमच्या काउंटरमागे येऊन बसावं. बँकेतही पास-नापास रोज चालतं. चेक आला, की सही बघायची, तारीख बघायची, अक्षरी आणि अंकी रक्कम जुळते का बघायची, खात्यात शिल्लक बघायची आणि मग पास करायचा. नाही वटला, तर आम्ही त्यावर 'नालायक' असा शिक्का मारत नाही. सोबत मेमो देतो. मेमोत कारण असतं: शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, तारीख उलटून गेली. शिल्लक अपुरी असेल, तर ती भरून तोच चेक तीन महिन्यांच्या मुदतीत पुन्हा टाकता येतो.

आणि कायदा काय सांगतो? १ एप्रिल १९८९ पासून, शिल्लक नाही म्हणून चेक परत आला आणि नोटीस मिळूनही १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर तो गुन्हा आहे. आता शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची. कुणाला? सही करणाऱ्याला! इतक्या वर्षांत एकाही चेकला कुणी दरडावलेलं नाही, की "काय रे कागदा, लाज नाही वाटत?"

पोराचं मात्र उलटं. दहा वर्षं त्याच्यावर सह्या कुणी केल्या? शाळेनं, खात्यानं आणि प्रगतिपुस्तक न वाचता खाली सही ठोकणाऱ्या आपण आईबापांनी. गणिताचे मास्तर वर्गात होते, की मतदारयाद्या घेऊन दारोदार हिंडत होते? वाडीवरची एसटी पहिल्या तासाला पोचत होती का? ऊसतोडीच्या हंगामात पोरगं किती महिने आईबापांबरोबर फडात होतं? अहो, खात्यात कुणी भरलंच नाही, तर शिल्लक येणार कुठून? पण ३५ ची रक्कम वटली नाही, की सगळे मिळून कागदाचीच गचांडी धरतात.

म्हणून आमची मागणी आहे, की 'नापास' नको आणि 'पात्र'ही नको. गुणपत्रिकेला एक मेमो जोडा. गणित: शिक्षक अपुरे. इंग्रजी: एसटी उशिरा. विज्ञान: प्रयोगशाळेला कुलूप. आणि जिथं खरंच तसं असेल, तिथं 'अभ्यास अपुरा' असंही बेलाशक लिहा. खोटी दया आम्ही चेकलाही दाखवत नाही. फक्त खाली सही करणाऱ्या सगळ्यांची नावं हवीत, ठळक अक्षरांत.

मग बघू या, गावात पेढे कोण वाटतं आणि हळूच 'पास' म्हणून पत्ते खाली कोण ठेवतं!