विहिरीच्या काठावरचा फोन



जून २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात ढोकी पोलिसांनी खामसवाडी आणि वाखरवाडी इथून ११ मजुरांची सुटका केली. दलालाने त्यांना विहिरी खोदणाऱ्या ठेकेदारांच्या हवाली केले होते. दिवसभर विहिरीत खोदकाम, जेवण एकवेळ, आणि रात्री पळून जाऊ नयेत म्हणून साखळदंड. त्यांच्यातला एकजण निसटला, हिंगोली जिल्ह्यातल्या आपल्या गावी पोचला, तेव्हा कुठे याला वाचा फुटली.

ढोकी काही बेंबळीला परमुलूख नाही. कापसाचा भाव आणि पावसाचा अंदाज आज आपण मोबाइलवर पाहतो. मग आपल्या शिवारातली बातमी हिंगोलीला वळसा घालून का यावी?

माणसांचा व्यापार मोबाइलने रोखता येईल, असे शहरातले जाणकार सांगतात. खरे आहे. पण साखळीत बांधलेल्याच्या हाती फोन कुठून येणार? फोन आहे तो विहिरीच्या काठावर, आपल्या खिशात.

११२ हा नंबर फुकट लागतो, साध्या बटणाच्या फोनवरूनही. लेकरू कामाला जुंपलेले दिसले तर १०९८. गाव, शिवार, माणसे किती, गाडीचा नंबर, एवढे सांगितले तरी पुरे. फोटो काढलाच तर तो पोलिसांनाच द्यावा. गावच्या व्हॉट्सॲपवर टाकू नये. ठेकेदाराचा माणूसही तिथेच असतो. रातोरात मजूर हलवले जातात, आणि पीडिताची अब्रू मात्र गावभर होते.

"उचल घेतलीय, फिटेपर्यंत जाऊ देणार नाही," असे ठेकेदार म्हणेल. त्याला सांगा, १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने अशी उचल फेडायची जबाबदारीच संपते. माणूस अडकवणे हा गुन्हा आहे. सुटलेल्या मजुराला केंद्राच्या योजनेतून ३० हजारांपर्यंत तातडीची मदत मिळू शकते. ती जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळवून देण्यासाठी त्याच्याबरोबर कचेरीत जायला कोणीतरी लागते. ते काम आपले.

आणि विहिरीचा ठेका देताना विचारा: माणसे कुठली, रोज किती, पैसे कोणाच्या हातात पडतात? दर फारच स्वस्त असेल तर फरक कोणाच्या पोटातून काढला, तेही विचारा.

आम्ही आयुष्यभर घामाचे दाम मागत आलो. दुसऱ्याचा घाम लुटून लागलेल्या पाण्यावर आमची ज्वारी पिकली, तर कोणत्या तोंडाने भाव मागायचा? या बैठकीत एवढा ठराव व्हावा: दिसले की फोन करायचा, आणि मजूर घरी पोचेपर्यंत पाठ सोडायची नाही.