घर दोघांचे, वेळ कोणाचा?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याला गृहकर्ज ठाऊक नव्हते, मासिक हप्ता ठाऊक नव्हता. आणि पती-पत्नी दोघेही सकाळची लोकल पकडून कामावर जातील व त्याच काळात घराचे बांधकामही चालवतील, ही कल्पना तर त्याच्या स्वप्नातही आली नसावी. तयार सदनिका विकत घेणाऱ्याला या म्हणीचा अर्थ आता फारसा कळत नाही. तो कागदावर सह्या करतो आणि किल्ली घेतो. परंतु स्वतःच्या तुकडाभर जमिनीवर स्वतः उभे राहून घर बांधणारे ग्राहक आजही आपल्या बँकेत मोठ्या संख्येने येतात. त्यांच्याविषयी, आणि त्यांची प्रकरणे हाताळणाऱ्या आपणा कर्मचाऱ्यांविषयी, चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

बदलीच्या निमित्ताने गेली काही वर्षे माझा मुक्काम कोलकात्यात आहे आणि गृहकर्जाच्या पाहणीसाठी बजबजला वरचेवर जावे लागते. हुगळीच्या पूर्व तीरावरील हे गाव दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यात असून सियालदहहून लोकलने सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे. 1914 साली कॅनडाने परत पाठविलेले ‘कोमागातामारू’ जहाज येथेच थांबविण्यात आले व त्यातील प्रवाशांवर गोळीबार झाला. त्या स्मृतीखातर 2013 साली रेल्वे स्थानकाच्या नावालाही ‘कोमागातामारू’ हा शब्द जोडण्यात आला. ज्यूट गिरण्या, तेलाच्या टाक्या, वीजनिर्मिती केंद्र आणि नदीकाठच्या वीटभट्ट्या ही या परिसराची ओळख. अठराव्या शतकातील मराठ्यांच्या स्वाऱ्यांची, ‘बर्गीं’ची, आठवण येथील अंगाईगीतात अजून शिल्लक आहे. माझे आडनाव ऐकून एका वृद्ध ग्राहकाने हसत विचारले होते, की आता वसुलीला कधी येणार? दर महिन्याच्या पाच तारखेला, असे उत्तर मी दिले.

या गावातील स्वतःच्या घराची हकीगत फार जुनी नाही. गिरणी कामगारांच्या कित्येक कुटुंबांत आजोबा गिरणीच्या ‘लाइनी’त राहिले आणि वडील भाड्याच्या खोलीत. शेजारच्या बाटानगरात तर 1930च्या दशकात बूट कारखान्याने कामगारांसाठी वसाहतच उभारली. घर म्हणजे मालकाने दिलेले छप्पर. नोकरी सुटली की तेही सुटले. सामान्य पगारदाराला घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देणारी एच.डी.एफ.सी. 1977 साली निघाली, राष्ट्रीय गृहनिर्माण बँक 1988 साली स्थापन झाली, आणि आपल्यासारख्या बँका या क्षेत्रात जोमाने उतरल्या त्या त्यानंतर. तेव्हा आज बजबजमध्ये दोन कठ्ठे जमिनीवर घर बांधायला निघालेले दांपत्य हे त्या घराण्यातील पहिलेच ‘घर बांधणारे’ असते. (एक कठ्ठा म्हणजे 720 चौरस फूट, आपल्या गुंठ्याहून लहान.) त्यांना अनुभवाचे बोल सांगणारे वडीलधारे घरात नसतात. गवंडी सांगेल ते आणि बँक मागेल ते, एवढीच त्यांची विद्या.

कागदपत्रांची वाट आपल्याकडच्यासारखीच वळणावळणाची आहे. सातबाऱ्याच्या जागी येथे पर्चा असतो. शेतजमीन किंवा अन्य वर्गातील जमीन घरासाठी वापरायची तर आपल्या ‘एन.ए.’प्रमाणे येथे 1955च्या भूमिसुधारणा कायद्याखाली तिचा वर्ग बदलून ‘बास्तु’ करून घ्यावा लागतो. तळी तर पावलोपावली. तळे बुजवून विकलेला भूखंड स्वस्त मिळतो म्हणून अनेकांना मोह होतो. परंतु राज्याच्या 1984च्या मत्स्यपालन कायद्याने तळी बुजविण्यास मनाई केली आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी अशा भरावावर घर खचते.

जमिनीचा हा मुद्दा महाराष्ट्रातील वाचकांना थोडा समजावून सांगावयास हवा. आपल्या डोंगराळ मुलखात पाच-सहा फूट खणले की बहुधा मुरूम लागतो आणि गवंडी निर्धास्त होतो. (काळ्या मातीच्या वऱ्हाडातील बांधवांनी मला क्षमा करावी.) येथे गंगेच्या गाळावर कितीही खणले तरी कठीण थर लागत नाही, लागते ती ओली चिकणमाती. साहजिकच अंदाजपत्रकातील मोठा वाटा जोते वर येण्यापूर्वीच जमिनीत जिरतो. आपले कर्जवितरण मात्र काम झाल्यावर, टप्प्याटप्प्याने होते : जोते, लिंटेल, स्लॅब, गिलावा. कर्जदाराने आपला हिस्सा आधी घालावयाचा, टप्पा पूर्ण करावयाचा, अभियंत्याचा दाखला आणावयाचा, आणि मग आपण रक्कम देणार. ही पद्धत योग्यच आहे. कर्जाचा पैसा विटांतच जातो याची खात्री बँकेने करून घेतलीच पाहिजे, आणि ती खात्री अखेर कर्जदाराच्याही हिताची असते. माझे म्हणणे इतकेच, की या पद्धतीत दांपत्याचा जो वेळ खर्च होतो त्याची नोंद आपल्या कोणत्याच कागदावर नाही.

ढोबळ हिशेब मांडून पाहू. चार टप्पे. प्रत्येक टप्प्याला एकदा पाहणीच्या वेळी जागेवर हजर राहावयाचे, एकदा शाखेत येऊन सह्या करावयाच्या. दोघे सहकर्जदार असतील तर सह्या दोघांच्या. अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या रजा धरल्या तरी दोघांच्या मिळून सहा पूर्ण रजा केवळ बँकेपायी जातात. सरकारी नोकराला हे जमते. खासगी शाळेतील शिक्षिकेचा किंवा दुकानातील कारकुनाचा तेवढा पगार कापला जातो.

हे झाले आपल्यापुरते. खरा वेळ मागते ते काँक्रीट. भारतीय मानक 456 प्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारावे लागते. राख अथवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटसाठी, जे आज सर्रास वापरले जाते, किमान दहा दिवस. स्लॅबवर आळी करून पाणी साठवून ठेवावयाचे, ते आटले की पुन्हा भरावयाचे. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास म्हटले तरी एका स्लॅबचे दहा तास झाले. विटांच्या भिंतींचे, गिलाव्याचे पाणी आणखी वेगळे. हे काम गवंड्याकडे सोपवावे आणि निर्धास्त व्हावे अशी परिस्थिती नसते, कारण गवंड्याची दुसरीकडे दोन कामे चालू असतात. म्हणून पहाटे पाच वाजता बादली घेऊन कोणीतरी जिना चढते. मग पोळ्या, मुलांचा डबा, लोकल. संध्याकाळी परत येताना सिमेंटची पोती भिजली नाहीत ना ते पाहणे, मजुरांचा आठवड्याचा हिशेब चुकता करणे, मुलाचा अभ्यास.

यात ऋतू आणि पंचांग यांचीही भर पडते. वैशाखी वादळे संपतात न संपतात तोच पाऊस लागतो आणि तो सप्टेंबर संपेपर्यंत रेंगाळतो. पाठोपाठ दुर्गापूजेला सारे काम थांबते. मुर्शिदाबाद-मालद्याकडून आलेले गवंडी ईदला आणि भाताच्या कापणीला गावी जातात, ते किती दिवसांनी परततील हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. पौषात गृहप्रवेश नको, आणि चैत्रातही नको. आपल्याकडे पाडव्याच्या मुहूर्तावर नव्या घरात पाऊल टाकण्याची हौस; येथे चैत्र म्हणजे सरत्या वर्षाचा महिना, त्यात शुभकार्य टाळतात. नेटाने काम करावयाचे महिने उरतात जेमतेम पाच.

विलंबाची किंमत किती? समजा, खर्च 25 लाख, कर्ज 20 लाख, व्याज 9 टक्के, मुदत 20 वर्षे. पूर्ण हप्ता सुमारे 18,000 रुपये बसेल. त्यापूर्वी बांधकामाच्या काळात उचललेल्या रकमेवर केवळ व्याज भरावे लागते. 15 लाख उचलले असताना काम अडले, तर महिना 11,250 रुपये व्याज, आणि राहत्या खोलीचे भाडे 6,000 धरले तर एकूण 17,250. सहा महिन्यांत 1,03,500 रुपये जातात, आणि त्यातून मुद्दल एका रुपयानेही कमी होत नाही. ‘रोज कोणीतरी जागेवर हवे’ या वाक्याचे हे रुपयांतील मोल आहे. घरे सांगितल्या वेळेत होत नाहीत हे सरकारनेही ओळखले. स्वतः राहण्याच्या घराच्या व्याजावरील दोन लाखांपर्यंतची प्राप्तिकर वजावट मिळण्यासाठी बांधकाम तीन वर्षांत पुरे करण्याची अट होती, ती 2016च्या अर्थसंकल्पाने पाच वर्षांची केली. (ही वजावट जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते, हे ग्राहकांनी ध्यानात ठेवावे.)

आता ज्या एका वहीमुळे हा लेख लिहावासा वाटला तिच्याविषयी. असेच एक दांपत्य. पती गिरणीच्या कार्यालयात, पत्नी बेहाल्याच्या बाजूला एका शाळेत शिक्षिका. दुसऱ्या टप्प्याच्या पाहणीला गेलो तेव्हा बाईंनी शाळेची हजेरी असावी तशी रेघा मारलेली वही पुढे केली. तारीख, गवंडी किती, मजूर किती, सिमेंटची पोती आली किती व लागली किती. शेवटचा रकाना होता : ‘आज जागेवर कोण’. मी सहज पाने उलटली. पतीचे नाव अधूनमधून, बहुतेक रविवारी. सासऱ्यांचे काही दिवस. बाकी साऱ्या ओळींत बाईंचीच आद्याक्षरे. पतिराज आळशी नव्हते; गिरणीची वेळ शाळेच्या वेळेहून लांब, इतकेच कारण. मात्र आमच्या फाइलमधील चित्र वेगळे होते. जमीन सासऱ्यांनी मुलाच्या नावे करून दिलेली; घराचा मालक म्हणून पतीचे एकट्याचे नाव. बाई सहकर्जदार, कारण त्यांचा पगार धरल्याशिवाय 20 लाखांची पात्रता बसत नव्हती.

अशी प्रकरणे आपल्या प्रत्येक शाखेत आहेत, पुण्यात आहेत, नागपुरात आहेत. स्त्रीचा पगार पात्रतेत धरावयाचा, वीस वर्षांच्या परतफेडीस तिला बांधून घ्यावयाचे, आणि ज्या वास्तूसाठी हे सारे, तिच्या मालकीत मात्र तिचे नाव नाही. कायद्याने यात गैर काही नाही. परंतु आपण तिला हे स्पष्ट शब्दांत सांगतो का? सहकर्जदार म्हणजे सहमालक नव्हे. मालकीत हिस्सा नसेल तर व्याजाची वजावटही तिला मागता येत नाही, मग हप्ता तिच्याच खात्यातून जात असो. दोघेही मालक व दोघेही कर्जदार असतील तर जुन्या करप्रणालीत दोघांनाही आपापल्या हिश्श्याप्रमाणे प्रत्येकी दोन लाखांपर्यंत वजावट घेता येते. हिस्सा नोंदविण्याचे मार्ग आहेत, त्याला मुद्रांक शुल्क पडते, वकिलाचा सल्ला लागतो. आणि गहाणखत होण्यापूर्वी ते करणे सोपे, नंतर किचकट. म्हणून हे सांगण्याची वेळ अर्ज हाती घेतानाची आहे.

माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, की बँकेने कुटुंबाच्या अंतर्गत बाबींत पडू नये. मालक कोण हे त्यांचे ते पाहतील. मला हे पटत नाही. कर्जदाराचे वय, आजार, अवलंबित माणसे, इतर देणी, हे सारे आपण विचारतोच. त्यात आणखी दोन प्रश्न विचारल्याने कोणाचा संसार मोडत नाही : रोज जागेवर कोण उभे राहणार आहे, आणि घर कोणाकोणाच्या नावे होणार आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘पाहू, होईल काहीतरी’ असे आले, तर तळमजल्यापुरतेच कर्ज घ्या, सळया वर काढून ठेवा आणि मजला पुढे कधीतरी चढवा, असा सल्ला मी निःसंकोचपणे देतो. रिझर्व्ह बँकेने 2015 साली तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जास घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत मुभा दिली. म्हणून 90 टक्के घेतलेच पाहिजे असे नाही. बजबजच्या गल्ल्यांतून फिरताना निम्म्या गच्च्यांवर अशा गंजक्या सळया आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. पाहुण्याला ते अर्धवट काम वाटते. मला ते पुष्कळदा शहाणपण वाटते. फक्त त्या सळयांना गंज चढू नये म्हणून सिमेंटचा पातळ थर द्यावा.

आपल्या बाजूने करता येण्याजोगे फार नाही, पण थोडे आहे. 2015 पासून दुसरा व चौथा शनिवार बँकांना सुटी असते. उरलेल्या शनिवारी शाखा पूर्ण दिवस उघडी असते. पाहणी आणि सह्या त्या दिवशी एकत्र ठेवल्या तर प्रत्येक टप्प्यामागे एक खेप वाचते. अभियंत्याच्या दाखल्याचा नमुना पहिल्याच दिवशी हाती दिला तर ‘हा चालणार नाही, दुसरा आणा’ म्हणण्याची पाळी येत नाही.

त्या बाईंच्या प्रकरणात पुढे दानपत्राने हिस्सा नोंदविला गेला. सासरे स्वतः नोंदणी कार्यालयात आले होते. त्या दिवशीही बाईंनी अर्धी रजा टाकली होती, आणि काम आटोपताच त्या घाईने निघाल्या, कारण आदल्या दिवशी स्लॅब पडला होता.