विमानतळावरचं ‘हेल्दी’ दुकान

विमान उतरलं, बॅगा अजून बेल्टवर यायच्या आहेत, घसा कोरडा पडलाय, पोटात कावळे ओरडताहेत. समोर झगझगीत दुकान. तुम्ही काय उचलता? ‘मल्टिग्रेन’ कुकीज आणि ‘नो अ‍ॅडेड शुगर’ ज्यूस. वर मला येऊन सांगता, “डॉक्टर, हेल्दीच घेतलं होतं!”

पाकीट जरा उलटं करा. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे, असा नियम आहे. पहिलं नाव मैद्याचं आणि त्यामागोमाग साखर, पामतेल असेल, तर नाचणी आणि ओट्स फक्त चित्रातले. ‘शुगर फ्री’ बिस्किटातही मैदा असतोच आणि मैद्याची शेवटी रक्तात साखरच होते.

ज्यूसचं तर विचारूच नका. वरून साखर घातली नाही, हे खरं. पण फळांच्या रसात स्वतःचीच साखर 100 मिलिलिटरला साधारण 10 ग्रॅम असते. म्हणजे 200 मिलिलिटरच्या डब्यात 20 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या अख्ख्या लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं 13.5 ग्रॅम! या सूत्रात न बसणारी गोड पेयं वर्षानुवर्षं ‘ओआरएस’ हे नाव मिरवत विकली गेली. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने ते नाव वापरायला मनाई केली. फार उशीर केला, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुळात तुम्हाला ओआरएस लागतच नाही. विमानातली हवा अतिशय कोरडी असते, म्हणून घसा सुकतो. त्यावर उपाय साधं पाणी. ते विमानतळावरच्या नळाला फुकट मिळतं, पण त्याची जाहिरात कोण करणार? (हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी ते माप प्रवासातही पाळावं.)

एक अपवाद नीट लक्षात ठेवा. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, जेवण लांबलं असेल आणि हात थरथरू लागले, घाम फुटला, तर तोच गोड ज्यूस लगेच प्या. तिथे कुकी किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तेला-तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. खिशात ग्लुकोजची पुडी असेल तर उत्तमच.

डिसेंबर 2024 मध्ये कोलकाता विमानतळावर सरकारने ‘उडान यात्री कॅफे’ सुरू केला. तिथे चहा आणि पाण्याची बाटली 10 रुपयांना मिळते. चांगलं झालं. पण खायला समोसा आणि मिठाईच! दर ठरवता येतात, तर उतरल्यावर बाहेर पडायच्या वाटेवरच्या प्रत्येक दुकानात भाजलेले चणे, शेंगदाणे, केळी आणि खऱ्या ओआरएसच्या पुड्या छापील किमतीत ठेवायची अट घालायला काय हरकत आहे? परवाना देताना भाडं ठरवतात, तशी ही अटही करारात लिहा.

ती येईपर्यंत निघताना हँडबॅगेत मूठभर चणे-फुटाणे टाका. सुरक्षा तपासणीत ते कोणी अडवत नाही.