विश्लेषण : ‘कापूस’ शोधला तर ‘कापसाला’ का सापडत नाही?

धुळे-सोलापूर महामार्गावरील वडीगोद्री (ता. अंबड, जि. जालना) परिसरातला एखादा शेतकरी मोबाइलवर पीकसल्ल्याचा लांबलचक मजकूर उघडतो. सगळे वाचायला वेळ नाही, म्हणून शोधाच्या चौकटीत ‘कापूस’ एवढेच लिहितो. मजकुरात ‘कापसाला’, ‘कापसाचे’, ‘कापसावरील’ असे शब्द पानोपानी असतात. पण साधा शोध त्यातले एकही रूप दाखवत नाही. कारण तो अक्षरे जुळवतो आणि ‘कापूस’मधला ‘पू’ ‘कापसाला’मध्ये नाही. ‘ऊस’ शोधला तर गत आणखी वाईट. ‘उसाला’मध्ये पहिलेच अक्षर बदलते.

वाचकाला हा दोष मोबाइलचा वाटतो. खरे तर ते मराठीच्या व्याकरणाचे एक अपुरे राहिलेले काम आहे.

नेमके अडते कुठे?

शाळेत आपण ‘सामान्यरूप’ शिकलो. नामाला विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी मूळ शब्दात होणारा बदल म्हणजे सामान्यरूप. बोलताना तो बदल आपण नकळत करतो. शेतातल्या पिकांचीच यादी घ्या. कांदा-कांद्याला, गहू-गव्हाला, तूर-तुरीला, मूग-मुगाला, उडीद-उडदाला, हरभरा-हरभऱ्याला. बाजरी आणि मोसंबी मात्र जशीच्या तशी राहतात, बाजरीला, मोसंबीला. सोयाबीन बाहेरून आलेले, त्यालाही काही होत नाही.

यंत्राला हे नियम शिकवता येतात, पण नियम शब्दाच्या नुसत्या रूपावरून ठरत नाहीत, ही मेख आहे. ‘कापूस’ आणि ‘मजूर’ दोन्ही पुल्लिंगी, दोन्ही तीन अक्षरी, दोन्हींत मधला ऊ-कार. तरी ‘कापसाला’ होते आणि ‘मजुराला’ होते. ‘मजराला’ कोणी म्हणत नाही. ‘पाणी’चे ‘पाण्याला’ आणि ‘माळी’चे ‘माळ्याला’ होते. ‘हत्ती’ मात्र ‘हत्तीला’ असाच ठाम उभा. म्हणजे प्रत्येक शब्द कोणत्या गटातला, हे कुणीतरी एकदा बसून लिहून ठेवावे लागते.

उलटा प्रवास आणखी अवघड. ‘भावाला’ म्हणजे ‘भाऊ’ला की ‘भाव’ला? ‘कापसाच्या भावाला उतरती कळा’ या बातमीत कुणाचा भाऊ आजारी नाही, हे माणसाला लगेच कळते. यंत्राला आधी दोन्ही शक्यता माहीत असाव्या लागतात, मग त्यातली एक निवडायची.

त्यात मराठी प्रत्ययांवर प्रत्यय चढवते. ‘शेताजवळच्यांनासुद्धा’ हा एकच शब्द पाहा. ‘शेत’ या नामाचे सामान्यरूप, त्याला ‘जवळ’, मग ‘च’ लागून त्याचे विशेषण, त्या विशेषणाचे पुन्हा अनेकवचनी नाम, त्याला ‘ना’ आणि शेवटी ‘सुद्धा’. असे सगळे शब्द शब्दकोशात छापणे अशक्य. त्यामुळे यंत्राला शब्दांची यादी देऊन भागत नाही, शब्द घडवण्याची रीत द्यावी लागते. हीच ‘संगणकीय व्याकरणा’ची कल्पना.

आणि एक बारीक काटा. ‘शेतकऱ्याला’मधला ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द ठरतात.

फिनलंडने काय केले?

मराठीच्या या दुखण्यावर सर्वांत जुने आणि कसदार उत्तर फिनिश भाषेत सापडते. फिनिश बोलणाऱ्यांची संख्या सुमारे ५५ लाख. या भाषेत साधारण १५ विभक्ती मोजतात. ‘तालो’ म्हणजे घर, ‘तालोस्सा’ म्हणजे घरात, ‘तालोस्ता’ म्हणजे घरातून. इथवर सोपे. पण ‘कातू’ म्हणजे रस्ता आणि रस्त्यावर म्हणायचे तर ‘कादुल्ला’. ‘त’चा ‘द’ झाला. तुर्कू या शहरात म्हणायचे तर ‘तुरुस्सा’. मधला ‘क’ गायबच. आपल्या ‘कापूस-कापसा’चाच हा चुलतभाऊ.

हेलसिंकी विद्यापीठात किम्मो कोस्केनिएमी यांनी १९८३ मध्ये यावर एक पद्धत मांडली. शब्दाच्या दोन पातळ्या धरायच्या. एकीकडे ‘मूळ शब्द अधिक प्रत्यय’, दुसरीकडे प्रत्यक्ष लिहिले जाणारे रूप. मधे नियमांचा पूल. पुलावरून दोन्ही दिशांनी जाता येते. मुळावरून रूप घडवता येते आणि रूपावरून मूळ शोधता येते. पुढे जगभरच्या अनेक भाषांसाठी ही पद्धत वापरली गेली.

पण माझ्या मते फिनलंडकडून शिकायची गोष्ट ही हुशारी नव्हे, तर तिच्या शेजारचे कंटाळवाणे काम आहे. तिथल्या सरकारी भाषा संस्थेने सुमारे ९४ हजार शब्दांची यादी खुली करून टाकली. प्रत्येक शब्दापुढे एक क्रमांक. तो क्रमांक सांगतो की हा शब्द कोणत्या गटाप्रमाणे चालतो. कोणत्याही विद्यार्थ्याने, कंपनीने ती यादी घ्यावी आणि वापरावी. शब्द तपासणी, शोध, भाषांतर, सगळे त्या पायावर उभे राहते.

मराठीत काम झालेच नाही का?

झाले आहे, आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ चे, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. शब्द कसे चालतात याचे वर्गीकरण दामल्यांनी इतके बारकाईने केले आहे की संगणकवाल्यालाही तिथूनच सुरुवात करावी लागते. अरुण फडके यांच्या ‘मराठी लेखन-कोशा’त शब्दांसोबत सामान्यरूपे मिळतात. म्हणजे फिनलंडच्या यादीत जे क्रमांक आहेत, त्यांचा कच्चा माल आपल्याकडे छापील स्वरूपात आहे.

संगणकाच्या बाजूने मुंबई आयआयटीत मराठी शब्दजाल उभे राहिले. तिथल्याच मुग्धा बापट, हर्षदा गुणे आणि पुष्पक भट्टाचार्य यांनी २०१० मध्ये शब्दांचे गट पाडून मराठी रूपांची फोड करणारी यंत्रणा मांडली. दिशा अगदी बरोबर होती. पण संशोधन प्रबंध छापून आला म्हणजे भाषेची सोय झाली असे होत नाही. शब्द रोज वाढतात, चुका सापडतात, कोणीतरी दर महिन्याला यादी दुरुस्त करावी लागते. विद्यार्थी पदवी घेऊन जातो, प्रकल्पाचा निधी संपतो आणि यादी जिथे होती तिथे राहते.

फरक किती, हे एका तुलनेतून दिसते. जगातील भाषांची वाक्ये व्याकरणदृष्ट्या उलगडून एका ठिकाणी ठेवण्याचा एक खुला आंतरराष्ट्रीय प्रकल्प आहे. त्यात फिनिशच्या एकाच संग्रहात सुमारे १५ हजार वाक्ये आहेत, तर मराठीच्या संग्रहात ५०० हूनही कमी. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते.

गावांच्या नावांचे काय?

इथे वडीगोद्रीचे नशीब चांगले. वडीगोद्रीला, वडीगोद्रीत, वडीगोद्रीहून. नाव बदलतच नाही. जिल्ह्याचे ठिकाण मात्र ‘जालन्याला’, ‘जालन्यात’ होते. मंठ्याचेही तसेच. आणि बदनापूर तर दोन्ही वाटांनी जाते. आपण ‘बदनापूरला’ जातो, पण सभा ‘बदनापुरात’ होते. ‘ला’ लागताना ‘पू’ दीर्घ राहतो, ‘त’ लागताना ऱ्हस्व होतो. ‘नाशिकला’ आणि ‘नाशकात’ ही जोडी तर सर्वांच्या तोंडात आहे.

अनेक ॲपवर ‘पुणे ला’, ‘जालना हून’ अशी तुटकी मराठी दिसते ती यामुळेच. संदेशाचा साचा एकदाच तयार होतो, गावाच्या नावाची जागा रिकामी ठेवतात आणि पुढे ‘ला’ चिकटवतात. जरा जाणते लोक ‘जालना ते सोलापूर’ लिहून सुटका करून घेतात. ‘ते’ला सामान्यरूप लागत नाही ना!

फिनलंडलाही हा त्रास आहे. ‘हेलसिंकीत’ म्हणायला ‘हेलसिंगिस्सा’, पण ताम्पेरे या शहराला ‘आत’चा प्रत्यय चालत नाही, ‘वर’चा लागतो. असे का, याला स्थानिक वहिवाट एवढेच उत्तर. म्हणून तिथल्या भाषा संस्थेने गावांच्या नावांची रूपे देणारी सूचीच लोकांसाठी ठेवली आहे. महाराष्ट्रात ४० हजारांहून अधिक गावे आहेत. त्यांची इंग्रजी स्पेलिंगे सरकारदरबारी आहेत. ‘आमच्या गावात’ हे गावाचे नाव घेऊन कसे म्हणतात, याची नोंद कुठे ठेवायची हे अजून कोणी ठरवलेले नाही.

‘एआय’मुळे प्रश्न आपोआप सुटेल का?

असा युक्तिवाद हल्ली जोरात आहे. प्रचंड मजकूर वाचून ही यंत्रे रूपे स्वतःच शिकतात, मग व्याकरण हवे कशाला? यात तथ्य आहे. रोजच्या शब्दांत ती बहुधा चुकत नाहीत. पण ती शिकतात मजकुराच्या विपुलतेवर, आणि इंटरनेटवर मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फार थोडा. त्यातही जे शब्द, जी गावे क्वचित छापली जातात, तिथे यंत्राला अंदाजावर भागवावे लागते. शिवाय शब्दांचे तुकडे पाडताना ही यंत्रे मूळ शब्द आणि प्रत्यय यांची सीमा पाळतातच असे नाही.

बोलीचा मुद्दा तर वेगळाच. मराठवाड्यात ‘काय करायलास?’ म्हणजे ‘काय करतो आहेस?’. पुण्या-मुंबईच्या मजकुरावर वाढलेल्या यंत्राला ‘करायला’ म्हणजे ‘करण्यासाठी’ एवढेच ठाऊक. शेतीसल्ला बोलून विचारण्याच्या सेवा येत असताना ही चूक केवळ शुद्धलेखनाची राहत नाही. माणूस चालू फवारणीबद्दल विचारणार आणि उत्तर मिळणार फवारणी करण्याआधीच्या तयारीचे.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे, राज्य मराठी विकास संस्था आहेच. निधी कशावर खर्च करावा याच्या चर्चेत संमेलने, दालने, पुरस्कार यांची नावे लगेच येतात. सामान्यरूपांच्या यादीचे उद्घाटन कोणी फीत कापून करणार नाही, हे उघड आहे. तरी पहिला खर्च यावर व्हावा. प्रत्येक शब्दापुढे त्याचा गट, प्रमाण आणि बोलीतील रूपे, ग्रामपंचायतींकडून भरून घेतलेली गावांची रूपे, आणि हे सगळे कोणालाही फुकट उतरवून घेता येईल अशा परवान्याखाली. दुरुस्त्या स्वीकारायला पगारी माणसे, तीही कायम.