परतून येणारा गोंगाट

गाडीची काच खाली असताना दुभाजकाच्या सिमेंटच्या कठड्यालगतून गेलं, की चालकाच्या कानावर एकदम घोंघाट येतो. कठडा संपला की तो विरतो. रांगेने उभ्या केलेल्या गाड्यांजवळून जाताना ‘सप्‌... सप्‌...’ असं ऐकू येतं. हा आवाज कठड्याचा नाही आणि उभ्या गाड्यांचाही नाही. तो चालत्या गाडीच्याच टायरांचा, आदळून परत आलेला. मोटारीने ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेग घेतला, की इंजिनापेक्षा टायरांचा आवाज वरचढ होतो.

हा प्रतिध्वनीच, पण तसा ओळखू येत नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. कठडा ३ मीटरवर असेल तर आवाज सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आतच परततो, आणि इतक्या कमी अंतराने आलेले दोन आवाज कानाला वेगळे करता येत नाहीत. शाळेच्या पुस्तकातली १७ मीटरची अट त्यासाठीच असते. खांबाजवळचा आवाज बारीक का येतो, याचंही कारण साधं आहे. टायरांच्या गोंगाटाचा मुख्य भाग १००० हर्ट्‌झच्या आसपास असतो, त्याची तरंगलांबी साधारण ३४ सेंटिमीटर. त्याहून अरुंद खांब हा भाग नीट परतवू शकत नाही. चिरके सूर तेवढे परततात. झुडपांची रांग आवाज विखुरते, त्यामुळे तिथे कानाला जरा उसंत मिळते.

चालकासाठी ही क्षणाची गंमत. रस्त्याकडेला राहणाऱ्यांसाठी ती रात्रभर चालते. मुंबईत काही उड्डाणपुलांवर ध्वनिरोधक भिंती लावल्या आहेत. कल्पना योग्यच, पण भिंतीचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि कठीण असेल तर तो आवाज गिळत नाही, समोर फेकतो. एका बाजूच्या इमारतीला सावली मिळते आणि समोरच्या घरांचा गोंगाट ३ डेसिबलपर्यंत वाढू शकतो. आकडा किरकोळ वाटेल, पण रस्त्यावरची वाहनं दुप्पट झाल्यावर होते तेवढीच ही वाढ आहे. दोन्ही बाजूंना कठीण भिंती असल्या तर आवाज त्यांच्यात टोलवला जाऊन वरून बाहेर पडतो. दोन भिंतींमधलं अंतर उंचीच्या दहापटीहून बरंच कमी असेल, तर त्यांचा उपयोग घटतो. आपल्याकडच्या अरुंद पुलांवर हे अंतर सहसा तेवढं नसतंच.

आपल्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या शिफारशींत वाहतुकीच्या गोंगाटाचा संबंध झोपमोड आणि हृदयविकाराशी जोडला आहे. हॉर्नविरोधी मोहिमा हव्यातच, मात्र टायरांचा आवाज फलक लावून थांबणार नाही.

उपाय अवघड नाही. रस्त्याकडच्या अंगाला भोकं पाडलेला पत्रा आणि आत खनिज लोकर, अशा भिंती आवाज शोषतात. त्या महाग पडतात आणि पारदर्शक नसतात, हे खरं. तरीही निविदेत उंची-लांबीबरोबर ‘शोषण किती’ हा रकाना हवा. मोजणीही पुलाच्या दोन्ही बाजूंच्या वरच्या मजल्यांवर व्हायला हवी: भिंत उभी राहण्याआधी एकदा, आणि नंतर पुन्हा एकदा.