नौकेचे माप आणि परतीची वाट

पावसाळा ओसरून बंदरे खुली होण्याचे दिवस जवळ आले, म्हणजे कोकण किनाऱ्यावरील जलविहाराच्या व्यवसायातील मंडळींत एकच खल सुरू होतो: हाताशी असलेली २० फुटी नौका विकून ३० फुटी घ्यावी, की आहे तिच्यावरच हंगाम काढावा? दिवाळीच्या गर्दीत धक्क्यावरून विन्मुख गेलेले प्रवासी डोळ्यांपुढे असल्यामुळे कौल बहुधा मोठ्या नौकेकडे झुकतो. आमचे मत असे, की नौकेचे माप प्रवाशांच्या संख्येवरून न ठरवता, ती कोणत्या पाण्यातून आणि कोणत्या वेळी परत यावयाची आहे, यावरून ठरवावे.

देवबागेस कर्ली नदी समुद्राला मिळते, तेथील मुखाचा विचार करा. सकाळी मतलई वाऱ्यात डॉल्फिन पाहावयास निघालेली लहान नौका निर्धास्त जाते. परंतु दुपारी खारा वारा भरून आला आणि त्याच वेळी ओहोटीचे पाणी बाहेर धावू लागले, म्हणजे आत येणारी लाट त्या प्रवाहाशी झुंजून आखूड व उभी होते, आणि तिच्यावरून घसरत येणाऱ्या लहान नौकेची नाळ पुढच्या पाण्यात रुतून ती आडवी फिरण्याचे भय उत्पन्न होते. अशा वेळी मोठी नौका अधिक स्थिर राहते, हे निर्विवाद. मात्र तिचा तळ खोल असल्यामुळे सुकतीला वाळूच्या दांड्यावर पुरेसे पाणी नसेल, तर भरती येईपर्यंत तिला बाहेरच ताटकळावे लागते.

खर्चाचा हिशेबही लांबीच्या प्रमाणात वाढत नाही. २० फुटांची ३० फुटी केली आणि रुंदी व खोली त्याच प्रमाणात वाढवली, तर आकारमान सव्वातीन पटींहून अधिक होते. ४० अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण १५ लिटर पेट्रोल घेते; १५० अश्वशक्तीचे ५० लिटरांच्या घरात जाते. लहान नौका गावची माणसे खांदा लावून वाळूवर ओढतात व शाकारतात. मोठीसाठी क्रेनची तजवीज करावी लागते.

म्हणून ज्यांचा व्यवसाय खाडीपुरता आहे, त्यांनी एका मोठ्या नौकेऐवजी दोन लहान बाळगाव्यात. एकीचे इंजिन बिघडले तरी हंगाम बुडत नाही, आणि अडलेलीला दुसरी ओढून आणू शकते. ज्यांना मुखाबाहेर जाणे प्राप्तच आहे, त्यांनी मोठी घ्यावी, तिला दोन इंजिने बसवावीत आणि फेऱ्यांचे वेळापत्रक भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून आखावे. डॉल्फिन दिसताच सारे प्रवासी एका बाजूस उभे राहतात, तेव्हा नौका मोठी असली तरी कलतेच. यास्तव परवान्यातील संख्या ही कमाल मर्यादा समजावी आणि प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असल्याखेरीज नांगर उचलू नये.

शेवटी एक आग्रहाची सूचना. इसारा देण्यापूर्वी प्रवाशांऐवजी तितक्याच वजनाची वाळूची पोती भरून, अनुभवी तांडेलाच्या हाती सुकाणू देऊन, ती नौका दुपारच्या वाऱ्यात आपल्याच खाडीच्या मुखातून आत आणून पाहावी. विक्रेता या परीक्षेस राजी नसेल, तर किंमत कितीही वाजवी वाटली तरी तो सौदा करू नये.